वारुळासारखं घर बांधता येते का? (आर्वीकडचं ऊन लक्षात घेऊन सांगा)

धुऱ्यावरचा

राम राम मंडळी. बरेच दिवसांनी लिहून राहिलो, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आमचं जुनं घर मातीचं, वर कवेलू. दोन पावसाळ्यांआधी मागची भिंत बसली. कवेलूचं म्हणाल तर ते वानरांनी आधीच संपवलं होतं, टोळी आली की एका उडीत पंचवीस कवेलू खाली. मग बाबा म्हणाले आता बास, आणि आम्ही दोन खोल्या काढून स्लॅब टाकला. फ्लाय अॅशच्या विटा, पश्चिमेकडची भिंत चारच इंची कारण तिथपर्यंत पैसे संपले होते. दिसायला झकास. पण मे महिन्यात रात्री दहाला आत ४० डिग्री. बाजारातून थर्मामीटर आणून खिळ्याला टांगला म्हणून आकडा सांगून राहिलो, नाहीतर पुण्याकडचे लोक म्हणतात तुम्ही विदर्भवाले वाढवून सांगता. त्याच वेळी अंगणात ३४. म्हणजे घर बांधलं झोपायला आणि झोपतो बाहेर खाटेवर. आई म्हणते हे घर नाही, यात पापड वाळवा.

आता तूर विकून अजून एक खोली आणि समोर सपरी (ओसरी) काढायची आहे. परवा मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला, झिम्बाब्वेत हरारे शहरात ईस्टगेट सेंटर म्हणून मोठी बिल्डिंग आहे, १९९६ ची, मिक पीअर्स नावाच्या आर्किटेक्टनं वारूळ पाहून डिझाइन केली, त्यात नेहमीसारखा एसी नाही तरी आत थंड राहते म्हणे. आता वारूळ तर आमच्या धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) आहे. बाभळीखाली, माझ्या छातीला लागेल एवढं. लहान भाऊ म्हणाला कापून पाहू आत काय आहे ते, तर आजीनं त्याला असं झापलं की विचारू नका. नागपंचमीला तिथं दूध-लाह्या ठेवतो आणि तू त्यावर फावडं घालतो?

तर प्रश्न असा, की हे वारुळाचं खरंच घराला लागू होते का, की नुसतं व्हिडिओपुरतं?

सोमवारचा_बाजार

वारुळासारखं घर बांधा, भाड्यानं नाग ठेवा, चोरही येणार नाही 😀

लेंटर_लेव्हल

मी सिव्हिलवाला, मूळ यवतमाळ जिल्हा, सध्या पोटासाठी पुण्यात (हो, मीच तो पुण्याकडचा).

ईस्टगेट खरी आहे, पण व्हिडिओत अर्धंच सांगतात. त्या बिल्डिंगमध्ये पंखे आहेत, चांगले मोठे. दिवसा ते हळू चालतात आणि रात्री जोरात चालवून बाहेरची गार हवा काँक्रीटच्या पोकळ्यांतून फिरवतात, रात्रभर सगळा ढाचा गार करून घेतात आणि दिवसा तोच गारवा पुरवून पुरवून वापरतात. म्हणजे आपण रात्री माठ भरून ठेवतो आणि दुपारी पितो, तसं. वीज वाचते हे खरंच, पण एक गोष्ट कोणी बोलत नाही. हरारे समुद्रसपाटीपासून जवळपास दीड हजार मीटरवर आहे. रात्री तिथं उन्हाळ्यातही अंगावर घ्यावं लागते. आपलं नागपूर तीनशे मीटर. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, आपल्याकडं पहाटेचं तापमान २९-३० असते, आता रात्रीची हवाच ३० ची असेल तर भिंती गार करायच्या कशानं?

तरी सोडून द्यावं असंही नाही. फेब्रुवारी, मार्च, अर्धा एप्रिल आणि दिवाळीआधीची ती ऑक्टोबर हीट, या दिवसांत रात्र आणि दुपार यांत चांगला १४-१५ डिग्रीचा फरक पडतो. तेवढे महिने ही ट्रिक आपल्याकडंही चालते. मे महिन्यात एकटीच्या भरवशावर राहू नका.

सात्याभाजी

मी गोंदियाकडं शाळेत विज्ञान शिकवतो, वारूळ हा माझा आवडीचा विषय, त्यामुळं मी पण लांबणार.

पहिलं म्हणजे, वारूळ एसीसारखं थंड राहते ही समजूत जुनी आहे. १९६१ च्या सुमारास मार्टिन ल्यूशर नावाच्या स्विस शास्त्रज्ञानं मांडलं की आतली गरम हवा वर चढते, कडेच्या नळ्यांतून गार होऊन खाली येते आणि असं चक्र चालू राहते. ईस्टगेटच्या मागं हीच कल्पना होती. पुढं स्कॉट टर्नर आणि रूपर्ट सोअर या दोघांनी नामिबियात वारुळात प्लास्टर ओतलं, ते वाळल्यावर माती धुऊन काढली आणि आतल्या सगळ्या बोगद्यांचा साचा उघडा केला (आजीला हे सांगू नका). त्यांनी २००८ मध्ये लिहिलं की असं सरळ चक्र तिथं नाही, वारूळ फुप्फुसासारखं वागते, वाऱ्याच्या कमीजास्त झोतांनी आतली हवा ढवळल्या जाते. आणि आतलं तापमान? ते बरंचसं खालच्या जमिनीच्या तापमानाच्या मागं मागं चालते. म्हणजे ईस्टगेट उभी राहिली ती अर्धवट चुकलेल्या समजुतीवर, आणि तरी नीट चालली. मला ही गोष्ट फार आवडते.

पण आपल्यासाठी खरी बातमी २०१५ ची आहे. महादेवन नावाचे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सोबत्यांनी बंगळुरात वारुळं मोजली, आणि ती वाळवी ओडोंटोटर्मिस ओबेसस, म्हणजे तुमच्या बाभळीखाली बहुतेक तीच बसली असेल. या वारुळाला बाहेरून उभ्या कण्यांसारखे पन्हाळे असतात, नीट पाहा. दिवसा ऊन लागलं की हे बाहेरचे पातळ पन्हाळे लवकर तापतात, मधला भाग थंड राहतो, म्हणून हवा कडेनं वर चढते आणि मधातून खाली उतरते. रात्री उलटं. कडा झटकन गार होतात, मधात ऊब असते, हवा मधातून वर. ना वारा लागत ना पंखा, दिवस-रात्रीचा फरक हेच इंजिन. आणि हे सगळं गारव्यासाठी नाहीच मुळी! दिवसा आत कार्बन डायऑक्साइड साचत जातो, काही टक्क्यांपर्यंत, आणि रात्री हवा फिरली की तो भिंतीच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडतो. वारूळ श्वास घेते. एवढा श्वास कशाला लागतो तर आत लाखो किडे, आणि शिवाय त्यांची बुरशीची शेती. पावसाळ्यात वारुळावर सात्या उगवतात ना, ज्याला तुमच्याकडं टेकोडे म्हणत असतील, ती त्याच शेतीची फुलं. माझा आयडी तिथूनच आला.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर : थंडाव्याचं काम जमिनीचं, वारूळ फक्त हवा बदलते. ही दोन कामं घरातही वेगळी धरा.

वऱ्हाडी_ठेचा

जमिनीचं नाव निघालं म्हून सांगतो. म्या तीन सालाआंधी हाच शायनपना केल्ता. यूट्यूबवर पाह्यलं का जमिनीतून पाइप टाकला का घरात थंडी हवा येते. आठ फूट नाली खोदली, सहा इंची पाइप, ऐंशी फूट लांब, एका टोकाले पंखा. पयला महिना लय मजा आली बापा, भर दुपारी पाइपाच्या तोंडाशी बसलं का अंगावर शहारा ये. गावातले लोकं पाह्याले येत. मंग पावसाया लागला. पाइपात पाणी साचलं, कुबट वास सुटला, आन् एक दिवस त्यातून बेंडूक बाह्यर आला, त्याच्या मांगं धामन. बायको म्हने हा पाइप राहीन नायतर मी राहीन.

आन् खरा घात पुढच्या उन्हायात झाला. आमची माती काळी, भारी. उन्हायात भेगा अशा पडतात का पोट्ट्याचा अख्खा हात आत जाते. माती आकसली तसा पाइप तीन जागी सांध्यातून निसटला. आता नुसता गाडेल हाय. पैसे मातीत म्हंतात ते हेच.

लेंटर_लेव्हल

@वऱ्हाडी_ठेचा भाऊ, धामणीचं वाचून हसलो, पण चूक डिझाइनमध्येच होती. पाइपाला उतार द्यायचा आणि सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायला खड्डा करायचा. काळ्या मातीत तर मुरुमाचं जाड गादीसारखं भरण केल्याशिवाय पाइप टाकूच नये. ही माती पाण्यानं फुगते, उन्हानं आकसते, घरांच्या भिंतींना तिरप्या भेगा पडतात त्याही यामुळंच. रुरकीच्या सीबीआरआयनं (सरकारी इमारत संशोधन संस्था) यासाठी अंडर-रीम्ड पाइल काढला, म्हणजे पायाचा खांब खोलवर न्यायचा आणि बुडाला कांद्यासारखा फुगवायचा, वरची माती हलली तरी तो घट्ट धरून राहते. आपले पूर्वज याच्याही पुढं, ते काळीत घरच बांधत नव्हते. काळीत पीक आणि पांढरीत घर. आता गावठाण पुरत नाही म्हणून आपण शेतात बांधतो आणि मिस्त्रीला शिव्या देतो.

चुलीपाशी

सगळं वाचलं. सगळे पुरुष बोलून राहिले म्हणून मी पण बोलते.

मातीचं घर थंड असते हे मलाही माहीत आहे, माझं माहेर तसंच होतं, दीड हात जाड भिंत, दुपारी बाराला आत गेलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची एवढा गारवा. पण त्या भिंती आणि भुई सारवत कोण होतं? आई, मोठी बहीण आणि मी. दर आठ दिवसांनी भुई, सणाला भिंती. शेण आणा, माती भिजवा, कमरेत वाका. आता माझे गुडघे गेले. तुम्ही निसर्गासारखं घर म्हणता तेव्हा त्या वारुळातही रात्रंदिवस डागडुजी चालू असते हे विसरू नका, फक्त तिथं कामकरी लाखो असतात आणि आमच्या घरी मी एक.

दुसरं, हवा फिरायला वर झरोके ठेवा म्हणता. माझ्याकडं आहेत. चारही मी पुठ्ठ्यानं बंद केले, कारण चिमण्या घरटी करून कचरा पाडतात, फवारणीच्या दिवसांत शेतातला वास आत येते, आणि रात्री पाल. झरोका द्यायचा तर जाळी आणि खालून दोरीनं उघडबंद करता येईल असं झाकण द्या. शिडी लावून कोणी रोज उघडत नसते.

सोमवारचा_बाजार

ताईंनी इंजिनिअर लोकांचं सारवण केलं 👏

धुऱ्यावरचा

ताई, एकदम बरोबर. आई पण हेच म्हणाली, माती नको म्हणे, पण ही भट्टी पण नको.

आज सकाळी जाऊन वारूळ नीट पाहिलं. सर म्हणतात तसे पन्हाळे खरंच आहेत, सात मोजले. इतकी वर्षं रोज बाजूनं बैलबंडी नेली पण कधी दिसलं नाही. सकाळी सहाला हात लावला तर कडा गार लागते. दुपारी दोनला परत गेलो, उन्हाकडची कडा तव्यासारखी आणि मागची सावलीतली कोमट. बाबा लांबून पाहत होते, पोट्टं वारुळाला कवटाळून काहून उभं आहे म्हणून.

@लेंटर_लेव्हल भाऊ, मग वरती उंच चिमणी काढली तर हवा आपोआप ओढल्या जाईल ना?

लेंटर_लेव्हल

गणित सांगतो. दहा फूट उंच चिमणी आणि आत-बाहेर ५ डिग्रीचा फरक धरला तर दाब निघते साधारण अर्धा पास्कल. म्हणजे झोपलेल्या माणसाच्या फुंकरीपेक्षाही कमी. वाळवीला ते पुरते कारण तिला घाई नाही आणि बोगदे हजारो. तुमच्या एका खोलीला १२ इंची एक्झॉस्ट पंखा लावा, ४० वॉट धरले तर रात्रभर दहा तास चालवून अर्ध्या युनिटपेक्षाही कमी वीज जाईल आणि तासाला दहापेक्षा जास्त वेळा खोलीची हवा बदलेल. ईस्टगेटवाल्यांना पंख्याची लाज वाटली नाही, तुम्हीही वाटून घेऊ नका. पंखा वर, स्लॅबला लागून लावा, आणि हवा आत यायला उत्तरेकडं किंवा झाडाखालची खिडकी उघडी ठेवा. रात्री नऊनंतर चालू, सकाळी सातला बंद आणि मग खिडक्या-दारं घट्ट. दिवसा चुकूनही चालवायचा नाही, नाहीतर बाहेरची लू विकत घेऊन घरात भराल.

पण त्याआधी छप्पर. उघडा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ते संध्याकाळनंतर तुमच्या डोक्यावर सोडतो, तुमचं रात्री दहाचं ४० तिथून येऊन राहिलं. पहिला खर्च तिथं करा.

सौर_शेतकरी

छप्पराचं मी सांगू शकतो. माझ्याकडं स्लॅबवर ३ किलोवॉटचे पॅनल आहेत, पीएम सूर्यघरमधून ७८ हजार सबसिडी आली. सगळे लोक पॅनल फूटभर उंचीवर बसवतात, मी स्टँड सात फूट उंच करून घेतला. खर्च वाढला, बायको बोलली. पण आता स्लॅबवर पॅनलची सावली, खालून वारा खेळते, खालची खोली बाजूच्या खोलीपेक्षा हाताला जाणवेल एवढी थंड. पॅनललाही फायदा, कारण ते तापले की वीज घटते, २५ डिग्रीच्या वर दर डिग्रीला साधारण ०.३ ते ०.४ टक्के. आपल्याकडं मे महिन्यात पॅनल सहज ६५ च्या वर जाते, म्हणजे भर उन्हात १५ टक्क्यांच्या आसपास गेलेच. लोकांना वाटते जितकं ऊन तितकी वीज, तसं नाही. फक्त स्टँडचे पाय स्लॅबमध्ये पक्के धरा, मृगाआधीचं वावधन सुटलं तर पॅनल शेजाऱ्याच्या गोठ्यावर.

निसर्गावरून आठवलं, पॅनल आपोआप साफ राहावेत म्हणून कमळाच्या पानासारखं कोटिंग आहे म्हणून एक जण विकायला आला होता. खरं आहे का?

सात्याभाजी

गुण खरा आहे. जर्मनीतल्या विल्हेल्म बार्थलॉट यांनी कमळाचं पान सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ते दाखवलं. पानावर बारीक उंचवटे आणि त्यावर मेण, त्यामुळं पाण्याचा थेंब चेंडूसारखा घरंगळतो आणि धूळ सोबत नेतो. कमळ शोधायला तलावावर जायचं काम नाही, परसात धोपा असेल ना, वड्यांचा, त्याच्याही पानावर पाणी टाकून पाहा, तेच दिसेल. पण यात गोम अशी की धूळ न्यायला थेंब पडावा लागते. आपल्याकडं दिवाळीपासून जूनपर्यंत थेंब कुठं? कोरड्या धुळीला धोप्याचं पानही काही करू शकत नाही. सकाळी गार असताना साध्या पाण्यानं धुवा, भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नका.

आणि छप्परासाठी अजून एक किडा सांगतो. सहारातली चांदी मुंगी. भर दुपारी, बाकी सगळे बिळात असताना ही वाळूवर फिरते. तिच्या अंगावर तिकोनी केस असतात, ते ऊन परत फेकतात आणि अंगातली उष्णता आकाशाकडं सोडायलाही मदत करतात, २०१५ मध्ये हे नीट मोजलं गेलं. त्याचा गावठी अवतार म्हणजे स्लॅबवर पांढरा चुना. चुनाही ऊन परत फेकतो आणि रात्री मोकळ्या आभाळाकडं उष्णता सोडतो. तुम्ही अंगणात खाटेवर झोपता तेव्हा गार वाटते त्यातही नुसती हवा नाही, आभाळही कामाला लागलेलं असते.

वऱ्हाडी_ठेचा

हे पटलं. खर्चबी कमी. पन आमचा कूलर काय वाईट हाय?

लेंटर_लेव्हल

वाईट नाही, मे महिन्यात कूलरच राजा. हवा कोरडी असते, एक लिटर पाणी उडालं की जवळपास २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जाते. आपलं शरीर, माठ आणि वाळ्याचे ताटे तिघेही तेच करतात. अडचण दोन. दिवसाला टाकीभर पाणी लागते, आणि तुमच्या गावात त्याच महिन्यात टँकर येत असेल तर तो कूलर कोणाच्या तरी घागरीतून चालून राहिला आहे. आणि पाऊस पडला की हवेत ओल भरते, मग कूलर नुसता चिकचिक. तेव्हा एक्झॉस्ट आणि छताचा पंखा.

जाता जाता, वर्ध्याला गेलात तर सेवाग्रामला बापूकुटीत भर दुपारी दहा मिनिटं बसून या. १९३६ मध्ये गांधीजी तिथं राहायला आले तेव्हा त्या गावाचं नाव सेगाव होतं. मातीच्या भिंती, बांबू, कवेलू, आणि छप्पर असं खाली उतरवलेलं की भिंतीला ऊन लागतच नाही. मी कॉलेजात पाच वर्षं जे शिकलो त्यातलं अर्धं तिथं उभं आहे. माती जमत नसेल तर तेवढी सावली तरी घ्या, तुमची सपरी पश्चिमेला काढा, समोर शोभेला नको. चार इंची भिंत झाकल्या जाईल.

चुलीपाशी

आणि घरकुलवाल्यांचं काय? घरकुलाच्या अनुदानात आणि २५ चौरस मीटरमध्ये सपरी कुठून काढायची? आमच्या वाडीत सगळ्यांनी टिन टाकले. टिनाखाली मे महिन्यात तान्हं लेकरू घेऊन बसून दाखवा कोणी.

लेंटर_लेव्हल

ताई, याला माझ्याकडं चांगलं उत्तर नाही. टिनावर चुना, खालून तट्ट्याचं किंवा बांबूचं दुसरं छत आणि मधात वितभर मोकळी जागा, दोन्ही टोकांनी उघडी, म्हणजे तापलेली हवा तिथूनच निघून जाते. बाजूला पऱ्हाटीचा मांडव करून त्यावर दोडक्याचे वेल. फरक पडेल, पण स्लॅब किंवा कवेलूएवढा नाही.

धुऱ्यावरचा

तीन आठवड्यांनी लिहून राहिलो, काम चालू होतं.

जुन्या स्लॅबला चुन्याचे तीन हात दिले, एक्झॉस्ट लावला. रात्री दहाचा आकडा ४० वरून ३६ वर आला. बाहेर तेवढंच ऊन होतं, मी रोज लिहून ठेवलं. ३६ म्हणजे काही महाबळेश्वर नाही, पण आई दोन रात्री आत झोपली आणि तिसऱ्या रात्री लाइट गेली म्हणून बाहेर आली.

नव्या खोलीचं काम लेंटरपर्यंत आलं. भिंत नऊ इंची, सपरी पश्चिमेला. समोर नाही म्हणून बाबा दोन दिवस बोलले नाहीत, त्यांच्या मते सपरी म्हणजे रस्त्याकडं तोंड करून बसायची जागा, आणि पश्चिमेला आहे शेजाऱ्याचा उकिरडा. मिस्त्री विचारून राहिला, भाऊ वरती एवढी भोकं काहून ठेवता, पैसे कमी पडले का.

आता ताईंनी सांगितलं तसं झरोक्याला दोरीचं झाकण करतो. जाळी कोणती लावू ते सांगा. बारीक लावली तर महिन्यात धुळीनं बुजते आणि मोठी लावली तर पाल येते. उद्या हार्डवेअरवाल्याकडं जायचं आहे.